काढलेलं दाखवा

काहीही उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाला घाम फोडील अशी अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच बाई आहे, आणि माझं नशीब असं की ती माझ्या बायकोची आत्या निघाली. आत्याबाई दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवर राहतात. मिक्सरवाला असो की नळवाला, त्यानं पान्हा लावण्याआधी यांचा हात पुढे येतो. "काय काढनार ते आदी सांगायचं, आन् काढलेलं माझ्या हातात द्यायचं!" असं जमवलेलं सगळं त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. मिक्सरचे झिजलेले कार्बन, नळाचे वायसर, नातीचा दुधाचा दात. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा त्या भेटायला आल्या. दुखतं का, हे विचारलंच नाही. "कुटंय?" म्हणाल्या. दाढ मी दवाखान्यातच सोडून आलो हे कळल्यावर जावयाचा मान वगैरे सगळा संपला.

हे वेड उगाच लागलेलं नाही. वीस वर्षांपूर्वी, ऊसतोडीला निघायच्या आधी पोटात दुखलं म्हणून त्या एका डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर मोठा विद्वान. बाईचं पोट कशानंही दुखो, त्याचं निदान ठरलेलं: गर्भाशयाची पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादमही तेवढाच विद्वान. पिशवी गेली की पाळीची कटकट गेली, कामाचे खाडे गेले, असं त्याचं शास्त्र. वैद्यक आणि ऊसतोड यांचं इतकं एकमत दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही. आत्याबाईंची पिशवी त्यातच गेली. "आमच्या वस्तीत पिशवी असल्याली बाई दाखवायची तर पावनी आनावी लागंल," असं आत्याबाई लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं सांगतात, आणि वाढणारी बाई थबकली की तिलाच विचारतात, "तुजी हाय का गं?"

आता त्यांनी नुकसानभरपाई मागितली आहे. अर्ज मी लिहितो, खाडाखोड त्या करतात. 'मागणी' या रकान्यात लोक रक्कम लिहितात. आत्याबाईंनी लिहायला लावलं, 'माझी पिशवी चांगली होती की खराब, ते आधी सांगा.' डॉक्टर म्हणतो, जुने कागद पावसात भिजले. आमच्याकडे पाऊस पडत नाही म्हणून ओरड असते, त्याच्या कपाटात मात्र अतिवृष्टी झालेली. उरला साक्षीदार एकच, आत्याबाईंचे यजमान, आमचे मामा. ऑपरेशन झालं की काढलेला भाग ट्रेमध्ये घालून बाहेर नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते, तेव्हा ट्रेसमोर मामाच उभे होते. पण "म्या डोळे झाकलते," हे एकच वाक्य ते वीस वर्षं सांगत आले, आणि वीस वर्षं ऐकत आले, "उसात साप निगाला तर डोळे झाकत न्हाई ह्यो मानूस. माझं पोट बाहेर आलं तवा बरे झाकले!"

गेल्या महिन्यात तालुक्याला चौकशी समिती आली. साहेबांनी मामांना विचारलं, पिशवी कशी दिसत होती? मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"डोळे झाकले न्हवते, सायेब. चांगली व्हती. आमी बकरं सोलतो, चांगलं काय न् किडकं काय, कळतं. डॉक्टर म्हनला, बगा, किडली. म्या मान डोलावली."

"कावून?" हे साहेबांनी नाही, आत्याबाईंनी विचारलं.

"मुकादम शेजारी उबा व्हता."

आता इथे काय होतंय म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. पण आत्याबाई पदर सावरून उठल्या. बाहेर आल्यावर हॉटेलात चहा सांगितला, आपला बशीत ओतला आणि बशी मामांकडे सरकवली. मग माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, अर्जात आनखी येक वळ ल्ह्या. दाखवलं ह्यास्नी. मान ह्यांनी डोलावली. कागदावर अंगठा ह्यांनी दिला. मला कुनी इचारलंच न्हाई."

ही ओळ कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी समासात आडवी लिहिली.

निकाल अजून लागलेला नाही. परवा वस्तीवर गेलो, तर आत्याबाई पंखा दुरुस्त करणाऱ्या माणसावर ओरडत होत्या. एरवी मी हसलो असतो. पण मामा तो बिस्किटांचा डबा उघडून दोन्ही हातांत धरून त्यांच्या शेजारी उभे होते, आणि मला दोघांचंही फार वाईट वाटलं.