शिट्टीचा दिवस

१० जुलै १९९४. एकशे बारा दिनार सहाशे मिलीम.

एवढ्या पैशांत एकोणीस मुलामुलींचं आठवडाभराचं जेवण, गॅसच्या दोन टाक्या आणि जाण्यायेण्याचं बसभाडं बसवायचं होतं. मुल्दी बिन रजबने ते बसवलं. भाड्यात त्याला सवलत मिळे, कारण तो जंदूबाच्या बस स्थानकावर नोकरीला होता. खिडकीमागे बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या, हे त्याचं काम. "तबर्का, तबर्का, फलाट दोन, सामान वर टाका, माणसं आत बसा." कर्णा बरेचदा बिघडलेला असे. मग मुल्दी खिडकीतून डोकं बाहेर काढी आणि नुसत्या गळ्याने पुकारी. पलीकडच्या बाजारात मिरच्या निवडत बसलेल्या बायकासुद्धा पिशव्या उचलून पळत सुटत.

वर्षातला उरलेला वेळ तो स्काऊटांना देई. त्याची बायको हनिया म्हणे, "लोकांना नवरा रजेवर घरी मिळतो, मला तंबूत मिळतो." असं म्हणत ती स्वतःची वळकटी बांधे, कारण मुलींच्या तंबूंची जबाबदारी तिच्यावर असे. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल घरात बोलणं होत नसे.

मुलं त्याला काईद म्हणत, म्हणजे म्होरक्या. ऐन द्रहाम गावाच्या वरच्या जंगलात दर जुलैला त्याचं शिबिर भरे. आसपासच्या गावांतून तेरा ते सोळा वर्षांची निवडक मुलं येत आणि तुकडी कशी चालवायची ते शिकत. गाठी, नकाशा, स्वयंपाक, जखम बांधणं हे सगळं इतर शिबिरांतही असे. मुल्दीच्या शिबिरात शिट्टीचा दिवस असे, तो दुसरीकडे कुठे नव्हता.

त्या दिवशी सकाळी झेंडा वर गेला की मुल्दी गळ्यातली शिट्टी काढून एका मुलाच्या नाहीतर मुलीच्या गळ्यात घाली. सूर्य मावळेपर्यंत शिबिर त्या पोराचं. मुल्दी झाडाखाली घडीची खुर्ची टाकून दोऱ्या वळत बसे आणि तोंडातून शब्द काढत नसे. आदल्या संध्याकाळी तो सगळ्यांना सांगे, "उद्या मी खुर्ची आहे. खुर्चीला कोणी काही विचारत नाही. आग लागली किंवा रक्त आलं, तरच खुर्ची उठेल." मुलं हसत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हसणं संपलेलं असे.

ही रीत त्याने स्वतः घातली होती. पंधरा वर्षांचा असताना त्याच्याही गळ्यात एकदा शिट्टी पडली होती. पण त्याचा काईद दिवसभर मागून सांगत राहिला. तंबू इकडे नको तिकडे, दोर ढिला आहे, आधी पाणी मग लाकडं. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, काय शिकलास? मुल्दी म्हणाला, "मागे वळून बघायला."

१९९४ साली मात्र ही रीत धोक्यात होती. आदल्या वर्षी एका मुलाच्या बापाने प्रदेशाच्या कचेरीत तक्रार केली होती की शिबिराचा प्रमुख दिवसभर झाडाखाली बसून दोऱ्या वळतो आणि पोरं वाऱ्यावर असतात. त्यावर प्रदेशाचे स्काऊट आयुक्त सी अन्वर ('सी' म्हणजे तिकडचं 'श्री') यांनी कळवलं, मी स्वतः शिट्टीच्या दिवशी येऊन बघेन. पटलं नाही तर पुढच्या वर्षीपासून हे प्रशिक्षण राजधानीच्या केंद्रात जाईल आणि तिथले प्रमाणपत्रवाले शिक्षक ते घेतील. सी अन्वर वाईट माणूस नव्हते. त्यांना झाडाखाली बसलेला माणूस कामात आहे असं वाटत नसे, इतकंच.

हनिया म्हणाली, "एक वर्ष बोल. जीभ झिजणार आहे का तुझी?"

"बोललो तर मग ते राजधानीत गेलं काय आणि इथे राहिलं काय," मुल्दी म्हणाला.

शिट्टी त्याने सिहामच्या गळ्यात घातली. सिहाम सोळा वर्षांची, घारदिमाऊच्या न्हाव्याची मुलगी. उंच, किंचित पोक काढून चालणारी. दुसऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायची सवय तिला होती. या एका गोष्टीसाठी मुल्दीने तिला निवडलं होतं.

तिने सकाळी वाटेच्या खुणांचा खेळ ठेवला. तुकड्या तीन होत्या, सहा-सहा जणांच्या. पहिली, सायाळ तुकडी, दगडांचे बाण आणि गवताच्या गाठी ठेवत झऱ्यापर्यंत जाईल. थोड्या वेळाने दुसरी, कोल्हा तुकडी, त्या खुणा वाचत जाईल. शेवटी करकोचा तुकडी. या तुकडीत सगळ्यांत लहान पोरं होती. झऱ्यावरून सगळ्यांनी मोठ्या रस्त्याने परत यायचं आणि दुपारी जेवायला कुसकुस, म्हणजे वाफवलेला जाडा रवा.

शेवटच्या तुकडीने येताना खुणा उचलायच्या, ही स्काऊटांची जुनी पद्धत. ती इतकी सर्वांच्या अंगवळणी पडलेली की सिहामने ती बोलून दाखवली नाही. खुर्चीत बसलेल्या मुल्दीच्या ते लक्षात आलं. दोरीचा पीळ त्याने जरा जास्तच घट्ट केला आणि तो गप्प राहिला.

दुपारी सी अन्वर यांची पांढरी गाडी धूळ उडवत आली. त्याच सुमारास सायाळ तुकडी परतली, पाठोपाठ कोल्हा तुकडी. करकोचा तुकडीचा पत्ता नव्हता. कुसकुस वाफेवर फुलून तयार झालं, झाकून ठेवलं, मग थंड झालं. तरी कोणी येईना.

"झऱ्यावर ते भेटले तुम्हाला?" सिहामने कोल्ह्यांच्या म्होरक्याला, नजीबला विचारलं.

"नाही. आम्ही वाट बघितली आणि निघालो." नजीब गोल चेहऱ्याचा, शिस्तीचा मुलगा होता. त्याचा तंबू एवढा नीटनेटका असे की हनिया इतरांना तो दाखवायला नेई. "पण सिहाम, एक सांगतो, आम्ही वाट एकदम साफ केली. एक दगड मागे ठेवला नाही. काल काईद म्हणाले होते ना, आपण गेलो हे जंगलाला कळता कामा नये?"

 मग सायाळांपैकी एक जण म्हणाला, "अरे शहाण्या, जंगलाला नाही कळलं ते ठीक. करकोच्यांना कसं कळणार?"

नजीबचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

सी अन्वर खुर्चीपाशी आले. "सी मुल्दी, सहा पोरं जंगलात हरवली आहेत. उठा."

मुल्दीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दोरीचा पुढचा पेड हातात घेतला.

"मी तुमच्याशी बोलतोय!"

"ते खुर्ची आहेत," मागून एका बारक्या मुलीने माहिती दिली.

हनिया हात पुसत आली. "आग नाही, रक्त नाही, कबूल. पण पोरं आहेत ना? की सूर्य मावळेपर्यंत दोरीच वळणार आहेस?"

मुल्दी कुठल्याही बसचा मार्ग डोळे मिटून सांगे, तशी ही वाटही त्याला पाठ होती. झऱ्याच्या अलीकडे साल सोललेल्या तांबड्या बुंध्याच्या बुचाच्या झाडापाशी दोन वाटा फुटत. डावी झऱ्याकडे जाई, उजवी मेंढपाळांच्या टेकडीवर. पोरं तिथेच चुकली असणार. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलं होतं आणि त्याने ते गिळलंही नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं, की झेंड्याच्या काठीची सावली खुर्चीच्या पायापर्यंत आली की उठायचं. मग रीत राहो की जावो. तोवर ही पोरगी काय करते ते बघायचं. सावली फार लांब नव्हती.

सिहाम नजीबपाशी गेली. पोरं त्याच्याभोवती जमून त्याला बोलत होती, त्यांना तिने बाजूला केलं.

"नजीब, बाण उचलताना दोन वाटा कुठे दिसल्या?"

"एकाच ठिकाणी. सोललेलं झाड आहे तिथे. बाण डावीकडे होता."

"नक्की?"

"मीच उचलला. वर पांढरी रेघ असलेला दगड होता."

"मग तू पुढे चल. तुझ्याइतकी ती वाट कोणाला माहीत नाही. होते तसे दगड परत ठेवत जा, म्हणजे आपली मागची माणसं तरी हरवणार नाहीत."

नजीबने मान वर केली. त्याला रडायचं होतं, पण काम मिळाल्यामुळे ते राहून गेलं.

सायाळ तुकडीला तिने तळावर ठेवलं आणि बजावलं, की जेवण कोणी हलवायचं नाही आणि करकोचे आले तर शिबिराचा मोठा हंडा बडवायचा. मग ती आयुक्तांसमोर उभी राहिली.

"सी अन्वर, तुमच्याकडे गाडी आहे. खाली वनखात्याची चौकी आहे, तिथे जाऊन सांगा की सहा मुलं टेकडीकडे गेली असतील. आणि येताना मोठ्या रस्त्यावर नजर ठेवा."

"मी?" सी अन्वर म्हणाले. "पोरी, मी तपासणीला आलोय."

"हो. पण गाडी दुसऱ्या कोणाकडे नाही."

सी अन्वर यांनी मुल्दीकडे पाहिलं. खुर्चीकडून काही उत्तर येण्यासारखं नव्हतं. खिशातून किल्ली काढत ते पुटपुटले, "कमाल आहे," आणि गाडीकडे गेले.

शेवटी सिहाम झाडाखाली आली. शिट्टी हातात घट्ट धरलेली.

"काईद, खुर्चीला काही विचारायचं नाही, हे मला ठाऊक आहे. मी विचारत नाहीये. पण खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवता येते ना?"

मुल्दीचे हात थांबले.

"उठा. सोललेल्या झाडापर्यंत माझ्याबरोबर चला. माझी शिट्टी टेकडीपलीकडे जाणार नाही. तुमचा आवाज जंदूबाच्या अर्ध्या बाजारात जातो. तिथे उभं राहून करकोच्यांना हाक मारायची. मी सांगते तेवढंच बोलायचं, जास्त नाही."

इतक्या वर्षांत शिट्टी घातलेली कितीतरी पोरं होऊन गेली. कोणी त्याच्याकडे केविलवाणं बघितलं, कोणी रुसलं, दोघंतिघं पळूनही गेली होती. त्याला हुकूम कोणी सोडला नव्हता. नियमात त्याला मनाई नव्हती. शिबिर पोराचं म्हटल्यावर खुर्चीही पोराचीच. मुल्दीच्या स्वतःच्याच ते कधी ध्यानात आलं नव्हतं. सावली खुर्चीच्या पायापासून हातभर दूर होती. तो उठला.

हनिया म्हणाली, "वा! माझं नाही ऐकलं."

सोललेल्या झाडापाशी नजीबने पांढऱ्या रेघेचा दगड जागेवर ठेवला. सिहामने उजवीकडच्या वाटेकडे बोट दाखवलं. मुल्दीने छाती भरून घेतली. काय ओरडायचं याचा त्याने विचार केला नव्हता, त्यामुळे गळ्याला जी सवय होती तेच बाहेर पडलं.

"करकोचा, करकोचा! करकोचा तुकडी, गाडी सुटते आहे! सोललेलं झाड, फलाट एक! सामान वर टाका, माणसं आत बसा!"

नजीब घाबरून एक पाऊल मागे सरकला. दरीतले पक्षी उठले. मुल्दीने पुन्हा पुकारलं, आणि पुन्हा. सिहामने हात वर केला की तो थांबे आणि सगळे कान देत. हात खाली आला की पुन्हा पुकारे. बराच वेळ काहीच आलं नाही. मग टेकडीवरून एक बारीक, चिरका आवाज आला.

"थां-बा! आम्ही येतोय! गाडी सोडू नका!"

करकोचे उतरताना दिसले ते तोंड हलवत. हरवल्यावर आहे तिथेच थांबायचं, हे शिकवलेलं त्यांच्या लक्षात होतं. टेकडीवर एका मेंढपाळ बाईची झोपडी दिसली, तिच्या दाराशी ते बसून राहिले होते. बाईने मातीच्या भट्टीत भाजलेल्या रोट्या आणि ताक दिलं.

"भूक नव्हती फारशी," त्यांचा म्होरक्या लतीफ म्हणाला. "पण बाईला वाईट वाटलं असतं."

"सहाही जणांना भूक नव्हती?" सिहामने विचारलं.

"आठ रोट्या घेतल्या."

परत आल्यावर सिहामने सर्वांसमोर सांगितलं, की खुणा कोणी उचलायच्या ते मी बोलले नाही, चूक माझी. नजीब काही म्हणणार होता, पण तिने त्याला थंड कुसकुस वाढायला लावलं. सी अन्वर चौकीवरून परतले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर धूळ होती आणि बरोबर एक वनरक्षक होता. त्याची गरज उरली नव्हती, म्हणून तोही जेवायला बसला.

सूर्य मावळला. सिहामने शिट्टी काढून मुल्दीच्या हातात दिली.

"आता बोलू शकता," सी अन्वर म्हणाले. "सी मुल्दी, पोरं खरंच हरवली होती. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. मला सकाळीच कळलं होतं, की खुणा कोणी उचलायच्या ते हिने सांगितलं नाही."

"आणि तरी गप्प?"

"थोडा वेळ अजून. मग उठणार होतो."

"पुढच्या वर्षी शिट्ट्या दोन ठेवा. एक पोरांकडे, एक तुमच्याकडे."

"मग पोरं दिवसभर माझ्या शिट्टीकडे बघत बसतील."

सी अन्वर यांनी हरिसा, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा, जरा जास्त घेतला होता. ते पाणी प्यायले. सिहामकडे बघून म्हणाले, "हिने मला चौकीवर धाडलं. माझ्या बायकोनेही मला असं कधी धाडलं नाही." ते रागावलेले होते की नव्हते, हे त्या संध्याकाळी कोणाला नीट कळलं नाही.

सप्टेंबरात कचेरीचं उत्तर आलं. शिबिर पुढच्या जुलैला त्याच जागी, त्याच पद्धतीने व्हावं. प्रमुखाने शिट्टीच्या दिवशी मुलं निघण्यापूर्वी वनचौकीला वर्दी द्यावी. मुल्दीला ते योग्य वाटलं आणि त्याने ते पाळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने शिबिर चालवलं. आदल्या संध्याकाळच्या भाषणात एक वाक्य वाढलं होतं: "खुर्ची हलवायची असेल तर हलवा." पुढच्या मुलांपैकी काहींनी ती हलवली, बहुतेकांनी नाही. त्याच्या मागे शिबिर सिहामकडे आलं. ती आता घारदिमाऊच्या शाळेत भूगोल शिकवते.

त्या वर्षीच्या हिशेबात एकशे बारा दिनार सहाशे मिलीम पुरते जुळले. एक गोष्ट मात्र त्यात येऊ शकली नाही. टेकडीवरच्या बाईने रोट्या देताना विचारलं होतं, पैसे कोण देणार? लतीफ म्हणाला, आमची म्होरकी देईल. कोण म्होरकी? सिहाम, न्हाव्याची. दुसऱ्या दिवशी सिहाम पैसे घेऊन टेकडीवर गेली तेव्हा झोपडी बंद होती आणि मेंढ्या दुसऱ्या कुरणावर गेल्या होत्या. नंतरच्या वर्षी तिथे दुसरंच कुटुंब होतं, त्यांना ती बाई माहीत नव्हती.

आठ रोट्या, दीडशे मिलीमप्रमाणे, एक दिनार दोनशे मिलीम. ताकाचं बाईने काही लावलं नव्हतं. हे देणं सिहामच्या नावावर आहे आणि अजून बाकी आहे.