कॅबिनेटमधला पांढरा दोरा

मी छापील किमतीवर विश्वास ठेवत नाही, तिथं भुताखेतांवर कुठून ठेवणार? या सदरातले अनुभव वाचतो, तेव्हा निम्मे तर मी मनातल्या मनात खोटे ठरवून मोकळा होतो – राग मानू नका, स्वभावच तसा आहे. त्यामुळे माझं लिहिलेलं कुणी खोटं ठरवलं तर मी भांडायला येणार नाही. बहुतेक.

जाफराबादला बस स्टँडसमोरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, एडिटिंग, पासपोर्ट फोटो. आमच्या घरात या धंद्यातलं कुणी नव्हतं आणि मी दुकान टाकतो म्हटल्यावर नातेवाइकांनी फक्त सल्ले दिले. पहिली जागा दिली ती एका बाईनं – अम्मानं.

अम्मा म्हणजे माझा मित्र माजिद, त्याची आई. जुन्या बाजारात तिचं गादीघर होतं. माजिद कॉम्प्युटर शिकला होता, मी कॅमेरा. तिनं रुईचे गठ्ठे एका भिंतीला सरकवले आणि अर्धं दुकान आम्हाला दिलं. एका बाजूला ती दाभण घेऊन रजया शिवायची, दुसऱ्या बाजूला आमचा कॉम्प्युटर. आमच्या कीबोर्डमध्ये कायम रुई अडकलेली असायची.

भाव कसा करावा हे मी तिच्याकडून शिकलो. गिऱ्हाईक भाव जास्तच खाली ओढायला लागलं की ती दाभण खाली ठेवायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि गप्प बसायची. एक शब्द नाही. मग गिऱ्हाईकच चुळबुळत स्वतःशी भाव वाढवत जायचं! मी मोठे मोठे व्यापारी पाहिले, पण असं गप्प बसणं कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

तिचा एक नियम होता. लोक जुन्या रजया नव्यानं भरून घ्यायला आणायचे. अम्मा जुना दोरा उसवून काढायची, त्याची छोटी गुंडी करायची, तिला गाठ मारायची आणि नव्या रजईबरोबर गिऱ्हाइकाला परत द्यायची. तो दोरा पुन्हा वापरायची नाही. मी म्हणायचो, "अम्मा, चांगला मजबूत आहे की, फुकट का घालवता?" ती म्हणायची, "नक्को बेटा. पुराना धागा नयी रुई में डाले तो कपडा फाडता. उसकू उसके घर जाने दे." ती डावखुरी होती. तिची गाठ उलट्या अंगाची, एक टोक आत दडवलेलं. तशी गाठ दुसऱ्या कुणाची मी पाहिलेली नाही.

पुढं माजिद वेगळा झाला. मी नव्या कॉम्प्लेक्समध्ये आलो, तर त्यानं बरोबर समोर, रस्त्यापलीकडं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेही मी चालवून घेतलं. पण अम्मा गेली तेव्हा त्यानं मला कळवलं नाही... मी गावातच होतो हो! पानटपरीवर दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तोवर सगळं उरकलं होतं. जिनं मला उभं केलं तिला मूठभर माती द्यायला मला बोलावणं नाही. त्या दिवसापासून माजिदशी बोलणं बंद. हे मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

आता मूळ गोष्ट.

हसनाबादच्या एका मुलीच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. तिचे वडील अबोल माणूस. पण पाठवणीच्या वेळी मी सहज माइक पुढं धरला तर ते लेकीविषयी बोलायला लागले, आणि बोलतच राहिले. पुढं काही महिन्यांत ते वारले. मुलीकडचा पेन ड्राइव्ह खराब झाला. फोनवर मला म्हणाली, "भाऊ, बाकीचं लग्न नसलं तरी चालंल. दादांचं बोलणं तेवढं काढून द्या." ते बोलणं आता जगात एकाच ठिकाणी होतं – माझ्या कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्कवर.

आणि मशीन दगा देत होतं. मी नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं होतं, त्याला जुना पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, पुरत नव्हता. व्हिडिओ तयार करायला लावला की अर्ध्यावर मशीन बंद. म्हणून जालन्याला जाऊन मोठा सप्लाय घेतला. आता मी घेतला म्हणजे कसा घेतला असेल...

"डब्बा नको, सुट्या वायरी नकोत. आता बोल," मी दुकानदाराला म्हणालो.

"भाऊ, वायरी तर ऱ्हाऊ द्या, त्याच्याच हायेत."

"माझ्याकडं जुन्या पडल्यात. कमी कर."

केला त्यानं कमी. मी खुशीत परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोडायला बसलो. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. मदरबोर्डच्या आणि कार्डच्या वायरी सप्लायलाच पक्क्या होत्या, त्या लावल्या. डिस्कची वायर तेवढी सुटी लागते, ती जुन्या सप्लायची काढून नव्याच्या खाचेत बसवली. खटकन बसली. दुसरं टोक डिस्कला. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडंच होतं, बटण दाबणार तेवढ्यात चहावाल्यानं बाहेरून हाक मारली.

मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून चहा प्यायलो. दुकानाला मागं दार नाही, खिडकी नाही. आत जायचं तर मला ढकलूनच जावं लागेल. ग्लास परत दिला, आत आलो, आणि बटणाकडं गेलेला हात तसाच थांबला.

डिस्कची वायर निघालेली होती. दोन्हीकडून. कॅबिनेटच्या तळाशी तिची नीट गुंडी करून ठेवलेली, आणि गुंडीला जाड पांढरा सुती दोरा बांधलेला.

खरं सांगतो, भीती वगैरे काही वाटली नाही. डोकं फिरलं. समोरच्याचंच काम, दुसरं कोण! वायर मुठीत धरून मी रस्ता ओलांडला.

"माजिद! माझ्या दुकानात कुणाला इचारून घुसला?"

काउंटरमागून त्यानं उजवा हात वर केला. कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टर.

"ह्या हातानं घुसलो का? गाडीवरून पडल्तो. इतक्या सालानं दुकानात आला, त्ये बी भांडायलाच आला!"

"मंग ही वायर कुणी काढली?" मी ती काउंटरवर आपटली.

तो हसायला लागला. मग वायरचं टोक बघितलं आणि हसणं थांबलं.

"कोणत्या सप्लायची ही?"

"जुन्या."

"आन् लावली कशाला?"

"नव्याला. बराबर बसली."

"बसंल ना! खाच सारखीच ऱ्हाती, आतल्या तारांचा क्रम येगळा. बटण दाबलं का?"

"न्हाई."

"दाबलं असतं तर डिस्क गेल्ती, दत्त्या. पाच व्होल्टच्या जागी बारा. बिलकुल गेल्ती. नव्या डब्यातल्या वायरी कुठंयत?"

मी रस्त्याकडं बघायला लागलो.

"भावात कापून घेतल्या ना? आरं, तू सोताच्या लग्नात मंगळसूत्राचे मणी कमी करून घेतले असते!"

मी तोंड उघडणार होतो. पण माजिदचं लक्ष दोऱ्याकडं गेलं. त्यानं डाव्या हातानं गुंडी उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग स्टुलावर बसला.

"अम्माची गाठ," तो म्हणाला.

तोवर मी ती गाठ म्हणून पाहिलीच नव्हती, रागात दोरा फक्त दोरा होता. आता पाहिली. उलट्या अंगाची. एक टोक आत दडवलेलं.

"तूच मारली असशील कवातरी," मी म्हणालो.

"मला येत न्हाई. शिकवायला बसली की मी पळून जायचो. बहिणीला बी येत न्हाई." त्यानं गुंडी काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "हात माझा मोडला. दुकान माझं बी हाय. आन् आली तुझ्याकडं."

वर्षानुवर्षं मी या माणसाला सुनवायला वाक्यं साठवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. जे आलं ते असं आलं –

"ज्याला निरोप गेला न्हाई, त्याच्याकडं आली असंल."

माजिद अगदी आईसारखा गप्प बसला. फक्त डावा हात त्यानं त्या दोऱ्यावर ठेवलेला होता.

मग तोच उठला. जालन्याच्या दुकानदाराला फोन लावून वायरी जीपवाल्याच्या हाती मागवल्या. दुकानदारानं पैसे सांगितले, मी 'बरं' म्हणालो. माजिदनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच भूत आहे. वायरी आल्या, माझ्या दुकानात बसून त्यानं एका हातानं टोकं दाखवली, मी दोन हातांनी लावली. मशीन सुरू झालं. डिस्क सुरू झाली.

मुलगी आली तेव्हा व्हिडिओ तयार होता. तिनं तो तिथंच, उभ्यानं पाहिला. वडील बोलायचे थांबले तसं म्हणाली, "भाऊ, पुन्हा लावा." पुन्हा लावला. मी आणि माजिद पायरीवर जाऊन उभे राहिलो.

आता तुम्ही विचाराल, खुलासा काय? मला सापडलेला नाही. दुकानात शिरायला दुसरी वाट नाही. तसला दोरा माझ्या दुकानात कधी नव्हता, आणि हे दुकान अम्मानं पाहिलेलंही नव्हतं. कॉम्प्युटरमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिला एवढंच कळायचं, की जुनं नव्यात घातलं तर फाडतं. बोलाचालीत मी हार मानत नाही, पण या बाईपुढं मी तेव्हाही हरायचो आणि आता ती नसतानाही हरलो. त्याचं वाईट वाटत नाही.

माजिदवरचा राग आहे, तो आहेच. पण तो अधूनमधून चहाच्या निमित्तानं येतो, कॅबिनेटचं झाकण काढायला लावतो. गुंडी मी परत तळाशी ठेवली, ती तिथंच आहे, मी धूळ झाडतो तीसुद्धा तिच्या कडेकडेनं. प्लॅस्टर निघाल्यापासून तो दुसऱ्या दोऱ्यावर ती गाठ मारून बघतो. जमत नाही. मलाही जमत नाही.

परवा म्हणाला, "ही एकदा सोडून बघू का? कशी मारली त्ये तरी कळंल."

मी म्हणालो, "हात लावू नको."

त्यानं लावला नाही.