वल्लं सोयाबीन

मेहकरच्या बाजार समितीच्या यार्डात सोयाबीनचा हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू होण्याआधी आम्ही व्यापारी ढिगातून मूठभर दाणे उचलतो आणि एक दाताखाली धरतो. कडक फुटला तर माल वाळलेला, दबला तर ओला. ओल्याचा भाव पडतो. चावण्याचा क्रम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण सर्वांत जुने शेठ आधी आणि बाकीचे त्यांच्या मागे, हे ठरलेलं.

व्यापारी होण्याआधी मी सुलतानपूरहून स्वतःचा माल घेऊन इथेच आलो होतो. आठ दिवस अंगणात वाळवलेला. याच शेठनी दाणा चावला आणि म्हणाले, "वल्लं हाय." मागच्या सगळ्यांनी तेच म्हटलं. मी भडकलो. शेठपर्यंत हात पोचला नाही, म्हणून मागच्या एकाची कॉलर धरली. हमालांनी मला ओढून गेटबाहेर काढलं. त्याच दिवशी ठरवलं, की यांच्यात उभं राहायचं आणि यांच्या तोंडावर खरं बोलायचं. त्याला पंधरा वर्षं लागली. आधी हमाली, मग खेड्यापाड्यांतून खरेदी, मग लायसन. आज घासाघीस करण्यात माझा हात धरणारा यार्डात नाही, आणि माझ्या तोंडाला लोक भितात.

गेल्या दिवाळीआधी लोणारकडचे एक वयस्कर शेतकरी माल घेऊन आले. शेठनी दाणा चावला. "वल्लं." दुसरा म्हणाला, "वल्लं." तिसऱ्याने तर चावलाही नाही. चौथा मी. माझ्या दाताखाली दाणा असा कडकन फुटला, की मला वाटलं सगळ्यांना ऐकू गेला.

शेतकरी माझ्याकडेच पाहत होते. "तुमी सांगा ना भाऊ. तुमी चावून पाह्यला."

"वल्लंच हाय," मी म्हणालो.

मला कोणी दम दिला नव्हता. कोणी माझ्याकडे पाहतही नव्हतं.

शेतकरी ऑफिसात गेले आणि ओलावा मोजायच्या मशीनसकट बाबूला घेऊन आले. आकडा वाळलेल्या मालाचा आला. सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मशीन बिघडली असन," शेठ म्हणाले.

"तिले दात नाहीत ना!" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. त्यात मी होतो.

शेतकऱ्यांनी माल पुन्हा पोत्यांत भरायला घेतला. मी जवळ गेलो. "काऊन नेता, बाबा? थांबा, भावाचं पाहू."

"वल्लं हाय ना," ते मान वर न करता म्हणाले. "घरी नेऊन वाळवतो."

शेठवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण ज्याची कॉलर धरली होती, त्याचा चेहरा अलीकडे आठवून पाहतो. आठवत नाही. दाणा त्याच्याही दाताखाली वाजला असेल.