चुलीशिवाय दोन दिवस

परवा देवळाच्या हॉलमध्ये लाहिरीबाबूंची शोकसभा झाली. आमच्या देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष बुधूसाहेब पांढरा सूट घालून उभे राहिले आणि त्यांनी लाहिरीबाबूंना थेट 'जगविख्यात सरोदवादक' करून टाकलं. माझ्या तोंडात शब्द आले होते, पण मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर भांडण नको म्हणून गिळले. कसले जगविख्यात! कोलकात्यात दोन खोल्यांच्या घरात राहून पोरांना सरोद शिकवणारा साधा माणूस. खरी मोठी नावं त्रिनिदादला आली तरी राजधानीतून परत जातात, आमच्या डेबे गावच्या चिखलात कोण येणार? लाहिरीबाबू आले. एकदा नाही, पाचदा आले, आणि पाचही वेळा आमच्याच घरी उतरले. अळूच्या पानांची सहीना भजी खाताना त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी माझ्याकडे मिरचीची चटणी पुन्हा मागायचे.

मला सांगायचंय ते पहिल्या खेपेचं. तेव्हा मी नुकतीच घराबाहेर डबल्सची, म्हणजे तळलेल्या पुऱ्यांत छोले घालून विकायची, गाडी लावायला लागले होते. माझे बा, सीचरण, तेव्हा साठीला टेकलेले. पेनलपासून बॅरकपोरपर्यंत लग्न कुणाचंही असो, ताशा बांचा. चामडं कमवायचं त्यांनी, मढवायचं त्यांनी, आणि वऱ्हाड निघायच्या आधी मांडवाबाहेर जाळ करून ताशे शेकायचेही त्यांनीच. ऐन लग्नात ताशाचं चामडं फाटलं तर आमच्याकडे त्याला मोठा अपशकुन मानतात, नवरीची आई रडायला बसते. बांच्या हातून ते कधी झालं नव्हतं. त्यांची सगळी भाकरी त्या एका गोष्टीवर होती.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी. दुपारी लाहिरीबाबूंनी सरोद काढला आणि त्यांचा चेहरा पडला. आमची दमट हवा. सरोदाच्या पोटावरही बकऱ्याचं चामडं असतं, ते सैल पडलं होतं, त्यावरची तारा पेलणारी घोडी खचली होती, आणि तारांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. "जरा पडतो, मग बघू," असं म्हणून ते आत गेले. प्रवासाचा शीण होता, लगेच घोरायला लागले.

बा ओसरीवर बसून सगळं बघत होते. मी पीठ मळत होते. त्यांनी काय केलं असेल ते इथलं कुणीही सांगेल. चामडं सैल आहे, म्हणजे शेकायला हवं. अंगणात नारळाच्या करवंट्यांचा जाळ केला आणि पाहुण्याचा सरोद तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांवर धरून त्याला ऊब द्यायला लागले. पण ताशाला तारा नसतात. इथे वरून पंचवीस तारा चामड्याला दाबून धरत होत्या.

फट्ट असा आवाज झाला. मी वळले तर काठाजवळून वीतभर चीर. बांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

आवाजाने लाहिरीबाबू बाहेर आले. त्यांनी जाळ बघितला, सरोद बघितला, बांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "धनमती, चहा कर. साखर जास्त घाल."

बांनी त्यांचे पाय धरले. "मास्टर, मी आत्ता जाऊन बुधूला सांगतो. गावाला सांगतो."

"काही सांगायचं नाही," लाहिरीबाबूंनी त्यांना उठवलं. "मी चार दिवसांचा पाहुणा, दादा. माझी बेअब्रू माझ्याबरोबर विमानात बसून जाईल. तुम्हाला इथेच राहायचंय. पुढल्या महिन्यात लग्नं आहेत ना?"

बुधूसाहेब आले तेव्हा लाहिरीबाबूंनी सरळ सांगितलं, "मीच सरोद चुलीजवळ ठेवला. माझी चूक."

झालं! बुधूसाहेबांच्या तोंडाला जोर आला. "सात समुद्र ओलांडून आणलंय आम्ही तुम्हाला! स्वतःची वस्तू सांभाळता येत नाही आणि कलाकार म्हणे!" लाहिरीबाबू खाली मान घालून ऐकत राहिले. मला वाटलं, कणकेचा गोळा फेकून मारावा. पण बांकडे बघितलं आणि तो पुन्हा परातीत ठेवला. कार्यक्रम रविवारवर गेला.

बांनी आपल्याकडचं सगळ्यात पातळ चामडं काढलं. कोवळ्या करडाचं, स्वतःच्या नव्या ताशासाठी जपलेलं. लाहिरीबाबू सांगत होते, बा ओढत होते. चिकटवून, बांधून झालं. लाहिरीबाबू म्हणाले, "हे आपल्या आपण वाळलं पाहिजे. जवळपास जाळ नको, धूर नको."

मग काय, दोन दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही. डबल्सची गाडीही बंद. तिसऱ्या घरातली पोलोची बायको रडवेलं तोंड करून डाळभाताचं भांडं घेऊन आली. "कोण गं गेलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "बाळंतपण आहे. सरोदाचं."

आम्ही पावाला चीज लावून खाल्लं. लाहिरीबाबू कौतुकाने खात होते, जसं काही पंगतीला बसलेत. बा मात्र जेवत नव्हते. रमच्या दुकानात लोक त्या बंगाल्याची टर उडवत होते, पोलो तर त्याची नक्कल करून दाखवत होता, आणि ते सगळं बांच्या कानावर येत होतं.

रविवारी हॉल गच्च भरला. सरोद चांगला बोलत होता, थोडा घोगरा, पण गोड. बुधूसाहेबांनी माइक धरला. "पाहुण्यांच्या निष्काळजीपणामुळे तुम्हा सर्वांना त्रास झाला. पण आपल्या सीचरणने गावाची लाज राखली!" असं म्हणून बांच्या गळ्यात भला मोठा हार घातला. टाळ्या पडल्या.

बा हार घालून तसेच उभे राहिले. मला कळलं ते काय करणार आहेत, आणि त्यांनी करू नये असं मला मनापासून वाटलं. त्यांनी माइक घेतला.

"फाडला मी," बा म्हणाले. "ताशासारखा शेकायला गेलो. मास्टरनी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या. हा हार त्यांचा."

मग मागून पोलोचा आवाज आला. त्याच्या पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात, ताशा बांनाच सांगितलेला. "अहो काका, मग माझ्या मांडवात काय फाडणार?"

कुणी हसलं नाही. बांनी हार काढून टेबलावर ठेवला आणि खाली उतरायला निघाले.

"दादा, कुठे निघालात?" लाहिरीबाबूंनी हातातला जवा, तारा छेडायचा तो तुकडा, खाली ठेवला. "हे चामडं तुमचं आहे. मध्येच सैल पडलं तर मी कुणाकडे बघू? माझ्या शेजारी बसा." मग लोकांकडे वळून म्हणाले, "एवढंच करा, ह्यांच्याकडची काडेपेटी काढून घ्या."

बांनी खरोखरच खिशात हात घातला आणि काडेपेटी बुधूसाहेबांच्या हातात दिली. हॉल असा हसला की पत्रे हलले. सगळ्यांत मोठ्याने पोलो हसला. हसता हसता ओरडला, "बसा काका, बसा! ताशा तुमचाच!"

आमच्या गावात ताशेवाला कधी स्टेजवर चढत नाही. त्याची जागा मांडवाबाहेर, जाळापाशी, धुरात. चाळीस वर्षं बांनी दुसऱ्यांची लग्नं तिथून पाहिली. त्या संध्याकाळी ते पांढऱ्या चादरीवर, पाहुण्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. लाहिरीबाबू डोळे मिटून वाजवत होते. बा डोळ्यांची पापणी न हलवता त्या चामड्याकडे बघत होते, आणि मी पहिल्या रांगेत बसून लाहिरीबाबूंना हात जोडले होते, ते कार्यक्रम संपेपर्यंत सोडले नाहीत.