थांबा म्हणणारी जनुकं

लग्न होऊन मी धुळ्याहून सुरतेच्या उधन्याला आले, तेव्हा घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच. त्याचा उपयोग घराला एकदाच झाला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या घरी बसून मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापत. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी एका सकाळी त्या मोरीत रक्ताचे कपडे धूत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उष्णता शे." मग सब्जा खाऊन झाला, धण्याचं पाणी पिऊन झालं. रक्त जातच राहिलं. शेवटी मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. सासरेही निघाले, कारण मागे चहा करून द्यायला कोणी उरत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला सांगितलं, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पण बाहेर पसरलेला नाही.

आत्याबाई मला म्हणाल्या, "मन्हं काय चुकनं, इचार तिले."

"काही चुकलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरीरातल्या पेशींना सारखे निरोप येत असतात, वाढा किंवा थांबा. हे निरोप जनुकांच्या कामातून येतात. एक विषाणू त्या तोंडाशी वर्षानुवर्षं मुक्काम करतो आणि थांबा म्हणणाऱ्या जनुकांचं काम बंद पाडतो. मग पेशी वाढतच राहतात.

"हा विषाणू येतो कुठून?" मी विचारलं. बी.एस्सी.ला आम्हाला ते नव्हतं.

"नवरा-बायकोच्या संबंधातून."

सासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"बहुतेकांना तो कधी ना कधी होतो नि आपोआप जातो. एखादीच्यात राहतो. कधी आला, ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही," सासरे म्हणाले. दवाखान्यात ते एवढंच बोलले.

घरी येताच आत्याबाईंनी खिचडीचं रिकामं पातेलं सासऱ्यांसमोर ठेवलं. रेडिएशनचे शेक सुरू झाले तसं सासऱ्यांचं स्वयंपाक करणंही सुरू झालं. खिचडीत मीठ एक तर नसायचं, नाही तर दोनदा असायचं. आत्याबाई मुकाट खायच्या. शेकांनी लघवीला आग होई, अन्न पोटात ठरत नसे. एका संध्याकाळी त्यांना उलटी झाली. सासऱ्यांनी फडक्याने फरशी पुसली आणि तिथेच बसून राहिले.

"मी मरसू का?" आत्याबाईंनी मला विचारलं.



"तू नही मरशी," सासरे म्हणाले. "माले भाकरी येत नही."

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर आत्याबाई पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या. म्हणाल्या, "पीठ आधी चाळनं पडस."

आत्याबाई बऱ्या झाल्या. त्यानंतर नळावर पाणी भरताना त्या कुठल्याही बाईला मोठ्याने विचारत, "अंगावरून जातं का गं?" बाया कळशी अर्धीच भरून निघून जात. शेजारची बीडकडची बाई मात्र तपासून आली. तिला काहीच निघालं नाही. दिवस फुकट गेला म्हणून ती आत्याबाईंशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. आत्याबाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी तिच्या जावेला विचारायला सुरुवात केली.