अपुरी साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली रीत आहे, आणि त्या रीतीचा मला आता वीट आला आहे. दर बुधवारी संध्याकाळी, गिरणीतली माणसं दिवसपाळीवरून येऊन हातपाय धुऊन झाली की चर्चमध्ये प्रार्थनासभा भरते. एक-दोन गीतं होतात, पाळकसाहेब थोडं बोलतात आणि मग विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगणं. आधी दुःख सांगायचं, मग आपण गुडघे कसे टेकले ते, आणि शेवटी प्रभूने कसं सोडवलं ते. मूल तापाने फणफणलं होतं, आता खेळतंय. जावई दारू पीत होता, आता चर्चला येतो. दुःख नेहमी मागच्या महिन्यातलं असतं. चालू महिन्यातलं दुःख घेऊन कुणी उभं राहत नाही.

साक्ष लांबली किंवा भरकटली की पाळकसाहेब हळूच गीताचा नंबर सांगतात आणि मी पेटी सुरू करतो. मग बोलणारा माणूस खाली बसतो. पेटी वाजवणं ही माझी देवाची सेवा, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. किती जणांना मी असं सुरात खाली बसवलं असेल, देवाला ठाऊक. त्याला सगळंच ठाऊक असतं. सांगत मात्र तो काही नाही.

दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी तेव्हा मिशनच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि मंडळीच्या पंचकमिटीतला सर्वांत गप्प पंच होतो. चर्चच्या कंपाउंडमध्ये मुलींचं बोर्डिंग होतं. त्याच्या मागे, धुण्याच्या दगडाला लागून एक पत्र्याची खोली होती आणि तीत आयाबाई राहायच्या. त्या विधवा, मूलबाळ नाही, माहेर अक्कलकोटकडचं. फार राग आला की कानडीत पुटपुटायच्या. बोर्डिंगच्या चादरी धुण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सोलापूरची चादर कोरडी असते तेव्हा माणसाला ऊब देते. भिजली की तिला पिळायला दोन माणसं लागतात. आयाबाई एकट्या पिळायच्या, एक टोक दगडाखाली दाबून. शेवटी बोटं वाकडी झाली, मनगटं सुजली, आणि तांब्याही धरवेना. धुण्याला दुसरी बाई आली. ती वस्तीतून येऊन-जाऊन काम करायची, तिला खोली नको होती. त्यामुळे आयाबाई तिथेच राहिल्या.

पंचकमिटीची ती सभा मला आठवते तेव्हा आजही माझं डोकं तापतं. सभा प्रार्थनेने सुरू झाली. आमचे चेअरमनसाहेब निवृत्त हेडमास्तर; प्रार्थना इतकी सुंदर करायचे की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत. त्यांनी आयाबाईंच्या हातांसाठी प्रार्थना केली. बोलताना त्यांचा आवाज कापत होता आणि ते सोंग नव्हतं. आमेन झालं. मग रुमालाने चष्मा पुसत ते म्हणाले, "आपल्या कंपाउंडात एकांताची जागा नाही. मनुष्याला शांतपणे गुडघे टेकावेसे वाटले तर जाणार कुठे? आयाबाईंकडून आता काही काम होत नाही. त्यांची खोली रिकामी करून घ्यावी आणि तिथे प्रार्थनेची खोली करावी, असं मला सुचवायचं आहे."

कुणीतरी विचारलं, "आणि बाई कुठे जाईल?"

"देव पाहून घेईल."

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. देव पाहून घेईल म्हणजे आपण पाहायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तिळपापड आतल्या आत झाला. शाळेचा कारभारही चेअरमनसाहेबांकडेच होता आणि माझी नोकरी त्यांच्या एका शब्दावर होती. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, प्रभू, मला शब्द दे. शब्द आले नाहीत. चहा आला. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात माझंही मत होतं. आयाबाईंनी नाताळाच्या आत खोली सोडावी असं ठरलं आणि सभा प्रार्थनेने संपली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी केळी घेऊन आयाबाईंकडे गेलो. चूक झाली की केळी घेऊन जाणं ही माझी जुनी खोड आहे.

"कोन? मास्तर? या की. केळी कशाला आनली?"

"आयाबाई, मला फार वाईट वाटतंय. मी तिथेच बसलो होतो आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. मला क्षमा करा. मला अन्न गोड लागत नाही..." आणि मी रडायलाच लागलो.

"झालं का सुरू! पाळकबाई कालच्याला येऊन रडून गेली. आज तुमी." त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या; दोन्ही हात मांडीवर उलटे, दुसऱ्या कुणाचे ठेवायला दिल्यासारखे. "तुमाला वाईट वाटून मला काय मिळतंय, मास्तर? तुमी रडला की मला उटून पानी द्यावं लागतंय. आन् तांब्या तर धरवत न्हाय."

मी डोळे पुसले.

"आता आनलीच हायत तर एक सोलून द्या."

त्यांना केळं सोलता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी इतका माझ्या पश्चात्तापात गुंतलो होतो. केळं सोलून मी त्यांच्या तोंडाशी धरलं आणि विचारलं, "प्रार्थना करू का?"

"हातासाटी लई झाल्या. येत्यात, हातावर हात ठेवत्यात, दाबत्यात. दुकतंय म्हनलं तर म्हनत्यात, बाई, तुमचा इश्वास कमी पडतोय. आता खोलीसाटी करनार व्हय? करा की. पर मोट्यानं करा, पंचास्नी आयकू जाईल अशी."

मी हळू आवाजात केली आणि घरी आलो.

त्यानंतरच्या बुधवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि बायकांच्या बाजूने आयाबाई उभ्या राहिल्या. त्या कधीच साक्ष देत नसत. चर्चमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. हात बरे झाले, असं सगळ्यांना वाटलं असावं.

"प्रभूचं नाव घिऊन साक्ष देते," त्या म्हणाल्या. "माजं हात दुकतात. लई दुकतात. मी देवाला म्हनलं, बरं कर. त्यानं केलं न्हाय. पंचांनी सांगितलं, खोली सोड. कुटं जाऊ म्हनलं, तर म्हनले देव बगंल. मग मी देवालाच इचारलं, बगतोस का रं बाबा? अजून तरी त्यानं उत्तर दिलं न्हाय."

पुढच्या बाकावरून चेअरमनसाहेब उठले. रागावले नव्हते, वर्गात चुकलेल्या मुलाला समजवावं तसं म्हणाले, "आयाबाई, ही साक्ष नव्हे. ही तक्रार झाली. प्रभूने सोडवलं की मग साक्ष द्यायची असते."

"आन् तवर?"

"तोवर विश्वास धरून शांत राहायचं."

"साक्षीदारानं बगितलेलं सांगायचं असतंय की, साहेब. आमच्या गावात बांधावरनं मारामारी झाली, तवा मी अक्कलकोटच्या कोर्टात साक्ष दिलीया. जज्जानं शेवटपतुर आयकलं. मदीच कुनी पेटी वाजवली न्हाय."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेब वयाने लहान, सोलापुरात नव्याने आलेले. त्यांनी कपाळ पुसलं आणि नंबर सांगितला. मी वाजवलं. हो, वाजवलं. लांबलचक गीत होतं, त्याची सगळी कडवी आम्ही म्हटली. एरवी एका कडव्यातच माणूस खाली बसतो. आयाबाई उभ्याच होत्या. शेवटचा सूर विरला तशा त्या म्हणाल्या, "तर मी काय म्हनत हुते..."

चेअरमनसाहेबांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी दुसरा नंबर सांगितला, पण आवाज असा की पहिल्या बाकालाही नीट ऐकू गेला नसेल. माझी बोटं पट्ट्यांवर होती, डावा हात भात्यावर.

"भाता फाटलाय, साहेब," मी म्हटलं.

शब्द आपोआप आले. इतकी वर्षं मी देवाकडे शब्द मागत होतो, आणि मिळाले ते हे! धडधडीत खोटं, वेदीसमोर बसून.

"आत्ता तर वाजत होती!" चेअरमनसाहेब म्हणाले.

"आत्ताच फाटला."

"मग पेटीशिवाय म्हणा."

"पेटीशिवाय आपल्याला सूर सापडत नाही, साहेब," पाळक म्हणाले, आणि बसले.

आयाबाईंनी सगळं सांगितलं. चादरी, दगड, थंडीतलं पाणी, प्रार्थनेची खोली. शेवटी म्हणाल्या, "आज दमले. साक्ष अपुरी हाय. फुडल्या बुधवारी सांगते."

आणि खरंच सांगितली. पुढच्या बुधवारी, त्याच्या पुढच्याही. साक्षीसाठी उभ्या राहिलेल्या माणसाला खाली बस म्हणायची आमच्यात पद्धतच नाही. आमच्याकडे फक्त पेटी होती, आणि ती कापड टाकून कोपऱ्यात ठेवलेली. एका दुपारी मी चर्च झाडायला आलो, तर पाळकसाहेब पेटीशी बसलेले. त्यांनी भाता ओढला. भाता छान फुगला आणि खालीही आला. त्यांनी भात्यावरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "मोठी चीर दिसते, मास्तर. शुक्रवार पेठेतल्या कारागिराला सध्या फार काम असेल, नाही का?"

"असेल, साहेब."

"मग घाई नको करायला."

मला त्यांचा आधार वाटायला हवा होता. खरं तर चीडच आली. आम्ही दोघे शिकलेले, शास्त्र वाचलेले पुरुष, आणि आमच्या दोघांच्या धैर्याची मजल एका न फाटलेल्या भात्यापर्यंत! रात्रंदिवस ठणकणाऱ्या हातांची एक बाई उभी राहून बोलत होती, आणि आम्ही पेटीवर कापड टाकत होतो.

बुधवारची गर्दी वाढली. रविवारी डुलक्या घेणारी माणसं बुधवारी वेळेआधी येऊन बसू लागली. वस्तीतल्या बायका तर लेकरं काखेला मारून येऊ लागल्या. "आज आयाबाईचं फुडचं हाय," असं एकमेकींना सांगत. नाताळ जवळ आला तशी पंचकमिटी पुन्हा बसली. प्रार्थना झाली. मग चेअरमनसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "पुरे झालं! ती बाई येऊन येऊन मला जगू द्यायची नाही. एकदाची देऊन टाका तिला ती खोली, मरेपर्यंत राहू दे, पण माझ्या मागचा हा ससेमिरा थांबवा!"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. प्रभूच्या एका दृष्टांतात एक न्यायाधीश आहे. तो देवाला भीत नाही, माणसांना मानत नाही. एक विधवा न्यायासाठी त्याच्याकडे हेलपाटे घालत राहते, आणि शेवटी तो केवळ वैतागून तिला न्याय देतो. त्या न्यायाधीशाचं म्हणणं जवळजवळ हेच. चेअरमनसाहेबांनी त्या दृष्टांतावर आम्हांला कितीदा प्रवचन दिलं होतं. आज आपण कोणाच्या तोंडचं बोललो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ठराव पुन्हा एकमताने मंजूर झाला. मी या वेळी हात जरा जास्तच वर केला. त्याला काही किंमत नव्हती, हे मला कळत होतं.

त्या बुधवारी चेअरमनसाहेब स्वतःच म्हणाले, "आयाबाई, आता तर सुटका झाली. आता साक्ष पूर्ण करा. प्रभूचे उपकार माना."

आयाबाई उठल्या. "खोली पंचांनी दिली. पंचांचं उपकार हायत," त्या म्हणाल्या.

"आणि देवाचे?"

"हात अजून दुकतात, साहेब. त्यो हाय, आयकतोय, ह्ये मला ठावं हाय. न्हायतर मी भांडले कुनासंगट असते? पर त्याचं-माजं बोलनं अजून मिटलं न्हाय. मिटलं की सांगते." त्या बसायला लागल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, भाता शिवून झाला असंल तर वाजवा. आज मला म्हनायचं हाय."

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. मी कापड काढलं आणि वाजवलं. आयाबाई बेसूर, पण सगळ्यांच्या वर आवाज चढवून गायल्या. हात तसेच उलटे मांडीवर.

त्यांचे हात बरे झाले नाहीत. लोक तरीही हातावर हात ठेवायला येत राहिले. पत्रा गळायचा, त्यावर कमिटीने प्रार्थनाच केली. देवाशी माझंही बरंच बोलायचं राहिलं आहे, पण उभं राहून बोलणं मला साधत नाही. मी पेटीमागे बसून मनातल्या मनात कुरकुरत असतो, आणि त्याला ते साक्षीत धरता येईल का, कोण जाणे.

नाताळ झाल्यावर मी पुन्हा आयाबाईंकडे गेलो. ते खोटं मला आत टोचत होतं.

"आयाबाई, तुम्हांला एक सांगायचं होतं. तो भाता फाटला नव्हता."

"ठावं हाय की. समद्यास्नी ठावं हाय." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. "आता त्याच्यावर रडत बसू नका, मास्तर. पिशवीत काय हाय ते बगा आदी."

मी केळं काढलं आणि सोलायला घेतलं.