लोखंडी माणसांचं दुखणं

आज माझ्या बायकोची, पारूची, विडीची पानं कापायची कात्री घेतली, तेल घातलं. त्या वासानं निपाणीतली जुनी दुपार आठवली. पारू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. टीव्हीवर लोखंडी माणसांची मालिका चाललेली.

"अवं, ह्यांच्या अंगात रक्ताच्या जागी तेल फिरत असंल न्हवं?"

"असंल."

"मग पोटात दुखलं तर कळायचं कसं? डोळ्यांत पाणीच न्हाय."

"कळून काय करायचंय? काम करत्यात न्हवं? गप विड्या वळ."

"तुमच्याबी अंगात तेलच हाय जणू," म्हणून ती हसली.

आता पारू नाही आणि मी माझ्यावरच चिडतो. त्या दुपारनंतर थोड्याच दिवसांनी दवाखान्यात डॉक्टरनं मला विचारलं, हिच्या पोटात कधीपासून दुखतंय? मी पारूकडं बघितलं. पारूच म्हणाली, "वरीस झालं." मी ते तिथंच पहिल्यांदा ऐकलं.